दुप्पट वेग

सलिलने लॅपटॉपवर आवाज सुरू केला तेव्हा शालनबाई बटाटे सोलत होत्या. लांबून कुणी शंख फुंकावा तसा एक खोल, लांबलेला सूर आला आणि मागोमाग पाण्याचे थेंब पडू लागले. थोड्या वेळाने त्यांनी सुरी खाली ठेवली.

“हे काय आहे?”

“तुमचंच आहे, मॅडम.”

सलिल हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला होता आणि रविवारी जुन्या बाजारात टेपा धुंडाळायचा. तिथल्या भंगारात त्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली स्पूल मिळाली होती. डब्यावर शाईने लिहिलं होतं : शालन ओव्हाळ, १५, मार्च ७२. प्रयोगशाळेतल्या एका साध्या मदतनीस बाईने स्वतः यंत्रं जोडून त्यांतून संगीत काढलं होतं, आणि तेही त्या काळात. सलिलने हे इंटरनेटवर लिहिलं आणि जर्मनीतली एक छोटी रेकॉर्ड कंपनी त्याच्या मागे लागली. कॉलेजच्या अहवालात या कामावर विभागप्रमुखांचं नाव होतं. रेकॉर्डवर मात्र शालन ओव्हाळ हेच नाव ठळक छापून घेतलं, हे त्याने दोनदा सांगितलं. निवृत्तांच्या यादीतून धायरीचा हा पत्ता सापडेपर्यंत हजार प्रती निघाल्या होत्या. बाई हयात असतील असं कुणाला वाटलंच नव्हतं, हेही त्याने सांगून टाकलं. रेकॉर्डचं नाव होतं ‘ध्यान’.

“डब्यावर पंधरा लिहिलंय, ती तारीख नाही,” शालनबाई म्हणाल्या. “वेग आहे. टेप सेकंदाला पंधरा इंच पळायची. तुम्ही कितीवर वाजवलीत?”

सलिलच्या घरचं मशीन साडेसातवरच चालत होतं. लॅपटॉप पुढे ओढून त्याने वेग दुप्पट केला.

शंख नव्हताच तो, भोंगा होता. खडकीच्या कारखान्याचा सकाळी सातचा. शालनबाईंची आई मथुराबाई तिथे कामाला होती. दुसरा भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायला वस्तीतल्या बायका रूळ ओलांडून पळत सुटायच्या. थेंब वाटत होते ते त्यांच्या पायांचे आवाज होते. चौदा बायका, प्रत्येकीची चाल निराळी. कॉलेज सुटल्यावर बसून शालनबाईंनी सात महिन्यांत यंत्रांवर एकेक पाऊल तयार केलं होतं. चौतीस वर्षांनी ते ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. कोण कुठे आहे ते त्या मोजत होत्या. शेवटी फाटक लागल्याचा दणका झाला. त्यानंतरही एक पाऊल पळतच राहिलं.

“ही आई,” त्या म्हणाल्या.

सलिल उठून गॅलरीत गेला आणि त्याने जर्मनीला फोन लावला. बराच वेळ तो हातवारे करून बोलत होता. आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. रेकॉर्ड आता बदलता येणार नव्हती. शिवाय ज्यांनी ज्यांनी ऐकली त्यांना ती संथच आवडली होती. नव्या वेगाने लावून बघितल्यावर कंपनीवाले म्हणाले, हे घाबरल्यासारखं वाटतं.

“घाबरलेल्याच होत्या,” शालनबाई म्हणाल्या. “माझं नाव काढा त्याच्यावरून.”

“अहो मॅडम, तुमच्या नावासाठीच तर केलं हे सगळं.”

“साहेबांच्या नावावर होतं तेव्हा निदान वाजत होतं ते माझं होतं.”

पण कव्हरंही छापून झाली होती. आत घालायचा एक कागद तेवढा राहिला होता. त्यावर कंपनीला त्यांचा फोटो हवा होता. बाई बौद्ध आहेत हे सलिलने कळवल्यापासून कंपनीची एक खास मागणी होती : बुद्धाच्या मूर्तीसमोर बसलेल्या, डोळे मिटलेल्या. हे सांगताना सलिल फरशीकडे बघत होता.

शालनबाईंनी सोललेले बटाटे पाण्यात टाकले. मग त्यांनी अट घातली. त्या कागदावर खरा वेग छापायचा, भोंगा छापायचा, आणि मथुराबाईंचं नाव छापायचं. तसं असेल तर फोटो काढा. सलिलने शब्द दिला. त्यांनी हात धुतले, पदर नीट केला आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मूर्तीसमोर त्या बसल्या नाहीत. सलिलनेही आग्रह केला नाही. त्याने नऊ फोटो काढले.

जानेवारीत कुरिअर आलं. मुलगी दीपाली तेव्हा घरी होती. आतला कागद काढून तिने इंग्रजी मजकूर आईला मराठीत सांगितला. प्राचीन शांतता, पाण्याचे थेंब, बौद्ध साधना असं बरंच होतं. वेगाबद्दल एक अक्षर नव्हतं. शालनबाईंनी तिला पुन्हा एकदा सगळं वाचायला लावलं. मथुराबाईंचं नावही नव्हतं. सलिलची चिठ्ठी सोबत होती. आपण तीनदा लिहून कळवलं होतं, असं त्याने लिहिलं होतं.

आठ फोटोंमध्ये शालनबाई कॅमेऱ्याकडे रोखून बघत होत्या. नवव्यात फ्लॅशमुळे त्यांच्या पापण्या मिटल्या होत्या. छापला होता तो नववा.

दीपालीने कागद हातभर लांब धरला.

“फोटो मात्र छान आलाय, आई,” ती म्हणाली. “किती शांत दिसतेस.”