दोन मुंडकी

जोडीच्या स्पर्धेत नाव द्यायची मुदत आज संपत होती. खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीची साइट उघडेपर्यंत कॉफी पिऊन कप विसळून व्हायचा. सोफियातल्या स्विलेननं तिथूनच प्लोवदिव शहरातल्या रालिनाला ‘जोडीदार होशील?’ विचारलं होतं. चौथ्या दिवशी उत्तर उगवलं, ‘नकार’. तो तोंड पाडून बसला, तोच दार वाजलं. दारात रालिनाच. “चल, नाव नोंदवू.” “तूच तर नाही म्हणालीस.” “मी? साइटवर दोन मुंडकी होती, एक मान डोलावणारं, एक आडवी हलवणारं. मी हलवणारं दाबलं.” “अगं, आडवी म्हणजे हो, डोलावली म्हणजे नाही, हे आपल्या बल्गेरियात. जगात उलटं.” “मग जगानं सुधारावं. ‘नकार’ गेल्याचं दिसलं म्हणून दुरुस्त करायला गेले, बसनं सोफियाला पोचले, तरी साइट उघडतेयच.” “जोडी फक्त खेळापुरतीच ना?” स्विलेन चाचरला. रालिनानं ठामपणे मान डोलावली, तशी त्याची कळी खुलली.