सिरिलची शीळ

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी बंदरातल्या आमच्या घरातला दिवस रेडिओच्या तालावर चालायचा. सकाळी व्यायाम, मग रेशनमध्ये भागवायच्या पाककृती, दुपारी कारखान्यातल्या कामगारांसाठी बँड. किती ऊब होती त्या आवाजांत! माझा थोरला भाऊ सिरिल घरी असला की बँडबरोबर शीळ घालायचा, नेहमी अर्धी मात्रा मागे. आता तो समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता.

त्या गुरुवारी बँड सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग शीळ आली. मी आईकडे पाहिलं. ती बटाटे सोलत राहिली.

शेजारच्या ब्लँचर्डबाई चिमूटभर चहा मागायला आल्या आणि दारातच हसल्या. "सिरिल रजेवर आलाय वाटतं? ताल चुकवायची खोड काही गेली नाही त्याची."

"कशी जाईल," आई म्हणाली. तिच्या हातातली सुरी मात्र थांबली होती.

संध्याकाळी मुलांच्या कार्यक्रमातल्या गाण्यालाही शीळ होती. वडील गोदीवरून आले आणि टोपी न काढताच ऐकत उभे राहिले. सहाच्या बातम्या आता लागणार होत्या. त्यांनी पुढे होऊन रेडिओ बंद केला.

शीळ थांबली नाही. ती रिकाम्या जिन्यावरून येत होती, एकटीच, अडखळत.

वडील जिन्याकडे निघाले. आईने त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने रेडिओ पुन्हा लावला.

"वर जाऊ नका," ती हळूच म्हणाली. "साथ नसली की घाबरतो तो."