सात बांबूंची सोंगटी

मुलांनो, कल्पना करा. मंगळावरच्या वस्तीत चौघं जण जपानी माहजोंग हा चित्रांच्या सोंगट्या जुळवायचा खेळ खेळताहेत. शेवटचा डाव आहे. जो सर्वांत मागे राहील, त्याने हवेच्या यंत्रापाशी थांबायचं; बाकीचे बाहेर धूमकेतू पाहायला जाणार.

"मला आता एकच सोंगटी हवी," टोकेकरकाकांनी जाहीर केलं. "ऋजुता, टाक की गं ती!"

ऋजुता जेमतेम तिसरी होती. काकांना हवी असलेली सोंगटी तिने टाकली, तर काका जिंकणार, गुण तिचे कापले जाणार आणि ती थेट शेवटी जाणार होती. पण तिचाही डाव जुळत आला होता. तिच्या चष्म्याने एका सोंगटीभोवती हिरवी कड दाखवली आणि कानात सांगितलं, "ही टाक. धोका थोडाच आहे. पहिली येशील."

चष्म्याला फक्त जिंकणं ठाऊक होतं. ऋजुताला धूमकेतू पाहायचा होता.

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि काकांनी आतापर्यंत टाकलेल्या सोंगट्या नीट पाहिल्या. त्यांत सात बांबूंचं चित्र असलेली एक होती. आपण टाकलेल्या सोंगटीसारखीच सोंगटी पुढे दुसऱ्याने टाकली, तर तिच्यावर जिंकता येत नाही, असा नियमच आहे. तशीच एक ऋजुताकडे होती, पण जुळलेल्या त्रिकुटाच्या मधोमध; ती काढली, की तिचं जिंकणं संपलं.

"काय गं, चष्मा झोपला का?" काका हसले.

ऋजुताने त्रिकूट मोडलं, सात बांबू पटावर ठेवले आणि दाराशी टांगलेल्या आपल्या अवकाशपोशाखाकडे एकदा पाहून घेतलं.