मखमलीवरची बर्चची पानं

"हलवू नकोस गं, पान दुहेरी उठेल," ऐली आजी म्हणाली, आणि सेन्याने इस्त्री आहे तिथेच दाबून धरली.

टेबलावर रबरी शिक्का उताणा ठेवलेला, त्यावर मखमल पालथी, वरून पाण्याचे चार शिंतोडे. इस्त्री उचलली की आजी कापड उलटायची. हिरव्या मखमलीची लव दबून तिथे बर्चचं पान उमटलेलं असायचं. उजेडात दिसायचं, सावलीत नाहीसं व्हायचं. बाहेर सुपीरियर सरोवरावर धुकं होतं. हे काम कधी संपूच नये, असं सेन्याला वाटे.

कारण शाल पुरी झाली की तिचं वॉरेनशी लग्न. या घरातल्या प्रत्येक नवरीच्या खांद्यावर आजीच्या हातची शाल असे, आणि शाल झाल्याशिवाय चर्चमध्ये तारीख धरायची नाही, असा आजीचा दंडक होता.

वॉरेनमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. आजोबा गेले त्या हिवाळ्यात घरची सगळी लाकडं त्यानेच फोडून दिली होती. गाव तर आत्तापासूनच त्याला घरचा जावई म्हणायचं. पण सेन्याला त्याच्याबरोबर जन्म काढायचा नव्हता, आणि अशा भल्या माणसाला नाही म्हणायची तिची छाती होत नव्हती.

म्हणून ती शनिवारची वाट पाहायची. शनिवारी अंगणातला सौना, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तापायचा. आधी आजी जाऊन यायची, मग सेन्या. जाताना ती शाल टॉवेलात लपवून न्यायची, आत खुंटीला टांगायची आणि तापल्या दगडांवर पाणी ओतायची. फस्सकन वाफ उठायची. त्या ऊबदार धुक्यात दबलेली लव हळूहळू उभी राहायची आणि पानं एकेक करून विरून जायची. सेन्या डोळे अर्धवट मिटून बघत बसायची.

सोमवारी आजी शाल उलगडायची. "गेली की गं पुन्हा! ही सरोवराची दमट हवा, दुसरं काय!"

"नाहीतर मखमलच भिकार," सेन्या मान खाली घालून म्हणायची.

"असेल बाई. चल, शिक्का आण."

दारचे बर्च पालवले, पिवळे झाले. शाल कोरीच राहिली.

मग एका शुक्रवारी इस्त्री आजीच्या हाताला लागली. दोन बोटांवर टरारून फोड आले. संध्याकाळी वॉरेन मलम घेऊन धावत आला.

"आजी, राहू द्या ना ती शाल. सेन्या तशीच छान दिसेल."

"गप रे. माझ्या घरात शालीशिवाय नवरी नाही," आजी म्हणाली, आणि बांधलेल्या हाताने तिने शेवटचा कोपरा पुरा केला.

सेन्याला स्वतःची लाज वाटली. आपण भित्र्या, म्हणून म्हातारीने किती भाजून घ्यायचं? बस्स झालं आता. करायचं लग्न.

शनिवारी तिने शालीची नीट घडी करून ती पेटीत ठेवली. आजी सौन्यात गेली, तशी ती किनाऱ्यावर जाऊन बसली. पाण्याकडे बघत तिने थोडं रडून घेतलं.

परत आली तरी आजीचा पत्ता नव्हता. चक्कर तर नाही आली हिला? सेन्या धावत अंगणात गेली आणि तिने सौन्याचं दार उघडलं.

आत वाफच वाफ. वरच्या फळीवर आजी पाय सोडून निवांत बसली होती. भाजलेला हात मांडीवर, दुसऱ्या हातात पाण्याचा डाव. शेजारच्या खुंटीला हिरवी मखमल टांगलेली होती, आणि तिच्यावरची शेवटची दोन पानं विरत चालली होती.

"दार लाव गं," आजी म्हणाली, "वाफ जातेय."