मागच्या एक्सलचा सूर

जुनी गाडी घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक ती तपासायला आणून मेकॅनिक उस्तादांच्या मानगुटीवरच बसलं होतं. "इंजिन आणि मागचा एक्सल मूळचेच आहेत ना? सांगा की लवकर."

"लग्नात घाई केली की जन्मभर निस्तरावं लागतं. जा, चहा घेऊन या."

गिऱ्हाईक हसत गेलं आणि शेड रिकामी झाली.

बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा उस्तादांनी तिची लाडकी गाडी विकून टाकली होती. ही तीच असावी, एवढीच आता आस होती. त्यांनी इंजिनवरचं काळं तेल पुसून नंबर वाचला. पाठ असलेला नंबर तो नव्हे. इंजिन बदललेलं होतं.

उरला एक्सल. त्याचा नंबर गंजाने खाल्ला होता. पण एक्सलला सूर असतो. गाडी निघाली की त्यांच्या त्या गाडीचा एक्सल घुमायचा, म्हणून बायको मुद्दाम मागच्या सीटवर बसायची आणि त्या सुरात गाणं धरायची. "तुमच्यापेक्षा हा बरा, निदान साथ तरी देतो," म्हणायची. एक ओळ, मग मोठा श्वास, मग दुसरी ओळ.

त्यांनी गाडी मागून जॅकवर उचलली आणि चाक हाताने फिरवलं.

घूंऽऽ.

तोच सूर. "मूळचा आहे," ते रिकाम्या शेडला म्हणाले. मग तिच्या गाण्याची पहिली ओळ त्यांनी, जन्मात पहिल्यांदा, स्वतःच गायली.

चाक थांबलं. सूर विझला.

मागच्या सीटची स्प्रिंग हलकेच करकरली, आणि कोणीतरी मोठा श्वास घेतला.