अक्काला ऐकू येईना

‘ऐकू येत नाही,’ अक्का म्हणाली आणि गाणं मध्येच तोडलं.

तालमीच्या तळघरात सेओ जोंगतेकनं बास गिटारच्या तारांवरचा हात उचलला.

‘काय ऐकू येत नाही, अक्का?’

‘तुझी बास. रश्श्यात मीठ नसावं तसं लागतंय. शनिवारी इंचॉनला एका बाईच्या सत्तरीचं जेवण आहे, दोनशे माणूस. तिथंही हेच झालं, तर मी दुसरा बासवाला बघते. मग म्हणू नकोस, अक्कानं सांगितलं नव्हतं.’

अक्काचं तोंड असंच. गळा गोड आणि जीभ तिखट. अठ्ठावीस वर्षं जोंगतेक तिच्या मागं उभा राहून वाजवत आला होता. सत्तऱ्या, लग्नं, दुकानांची उद्घाटनं, मासळीबाजाराचे मेळे, कुठं म्हणून गेला नव्हता? आता छप्पन्न उलटलेल्या बासवाल्याला नव्यानं उभं कोण करणार?

दुसऱ्या दिवशी तो सोलमध्ये नाकवोनच्या वाद्यबाजारात गेला. दुसऱ्या मजल्यावर प्योनचं दुकान होतं. प्योननं काचेवर तीन डब्या मांडल्या. प्रीअँप म्हणतात त्यांना. बासचा आवाज स्पीकरकडे जायच्या आधी या डबीत घडतो. वर चार-पाच बटणं, पायानं दाबायचा एक खटका. आजूबाजूच्या दुकानांतून गिटारी नुसत्या कोकलत होत्या. प्योनच्या ओठांकडे बघत बघतच बोलणं समजून घ्यावं लागत होतं.

‘खालचा सूर वाढवू नकोस,’ प्योन म्हणाला. ‘त्यानं जमीन हादरते, कानात काही पडत नाही. मधला वाढव.’

पहिली डबी लोण्यासारखी मऊ वाजली. जोंगतेकला तीच आवडली. पण आपली आवड घेऊन काय करायचं? त्यानं दुसरी घेतली, खरखरीत आणि धीट.

‘पटली नाही तर बदलून देईन,’ प्योन म्हणाला. ‘आणि जरा हळू वाजव बाबा, वरचा मजला खाली येईल.’

मंगळवारच्या तालमीत जोंगतेकनं नवी डबी लावली आणि अक्काकडे बघितलं.

‘नाही,’ अक्का म्हणाली.

त्यानं बटण फिरवलं.

‘नाही.’

अजून फिरवलं. ड्रमवाल्या मानशिकनं दाढेत कळ आल्यासारखे डोळे मिटले.

‘हं. आता कुठं जरा गुणगुणतेय. अशीच राहू दे.’

त्या दिवशी जोंगतेकचा एकही सूर चुकला नाही. मागच्या आठवड्यात दोनदा चुकला होता; तेव्हा त्यानं खोलीच्या ओलीला दोष दिला होता.

घरी जाताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हल्ली अक्का साधं ‘जेवलास का’ म्हणायचं तरी ओरडून म्हणायची. गाण्याची पट्टी चढवायची झाली, की पूर्वी मागं वळून न बघता नुसतं ‘वर’ म्हणायची. हल्ली मुद्दाम त्याच्यासमोर येऊन बोटं दाखवायची. आणि त्याचा स्पीकर तिनं स्वतः ओढून जवळ आणला होता, दोघांच्या मध्ये, हाताच्या अंतरावर.

बाई बहात्तरची. कान दगा देणारच.

बुधवारी रस्त्यावर किंबाप खाता खाता त्यानं मानशिकजवळ विषय काढला. ‘अक्काचे कान गेले की काय रे?’

मानशिक घास चावत काहीतरी पुटपुटला. या माणसाला हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागली होती.

‘काय?’

‘म्हटलं, तू आपला मोठ्यानं वाजव. म्हातारी सुखी, आपण सुखी.’

जोंगतेक परत प्योनकडे गेला आणि डबी बदलून मागितली. प्योननं तिसरी पुढं सरकवली. ‘हिला दोन वाटा आहेत. एक हॉलकडे जाते, एक तुझ्या मागच्या स्पीकरकडे. दोन्हीकडचा आवाज वेगवेगळा ठेवता येतो. पाहुण्यांचे कान शाबूत, आणि स्टेजवर हवा तेवढा दणका.’

‘हीच दे. स्पीकरजवळ अक्का उभी असते.’ जोंगतेक पुढं वाकला. ‘कुणाजवळ बोलू नकोस, तिला कमी ऐकू येतं. गळ्यावर जगणारी बाई. बाहेर कळलं तर तिला बोलावील कोण?’

प्योन काच पुसत राहिला. काच स्वच्छच होती.

शनिवारी दुपारी इंचॉनच्या हॉलमध्ये सत्तरीची म्हातारी गुलाबी रेशमात नवरीसारखी नटून बसली होती. जोंगतेकनं मागचा स्पीकर पूर्ण मोकळा सोडला. बास त्याच्या तळपायांतून चढली, बरगड्यांत घुमली. अक्कानं तीनदा बोटं वर केली, तिन्ही वेळा तो तिच्याबरोबर चढला. जावई नाचले, विहिणी नाचल्या, शेवटी म्हातारीही उठली.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं अक्कासमोर जाऊन विचारलं, ‘आली ऐकू?’

‘आली,’ अक्का मोठ्यानं म्हणाली. ‘सोमवारी तालीम आहे. उशीर केलास तर तंगडी मोडीन.’

जोंगतेकचा जीव भांड्यात पडला. तिच्या दुखण्याची गोष्ट अगदी ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली. इतकी वर्षं जिच्या मागं उभा राहिलो, तिचा मान आपण नाही राखायचा तर कुणी? त्याला स्वतःचंच जरा कौतुक वाटलं. तो पाठमोरा खाली बसला आणि स्पीकरच्या वायरी गुंडाळायला लागला.

मानशिक झांजा उतरवून अक्काजवळ आला. ‘अक्का,’ तो कुजबुजला, ‘त्याला कधी सांगायचं?’

‘कशाला सांगायचं? मी बहात्तरची. मला कुणी बहिरी समजलं तर माझं काय झिजतं?’ अक्का म्हणाली. ‘आणि कुजबुजतोस काय? त्याची पाठ आहे ना इकडं.’