झडतीची रांग

मिलचा भोंगा वाजला आणि दुर्गेश्वरी फाटकातून आत शिरली.

सुटी झाली की फाटकापाशी दोन रांगा लागतात. कोणी तांदूळ लपवून नेऊ नये म्हणून रोज झडती. बायांची झडती पत्र्याच्या आडोशामागे नंदाबाई घेते, माणसांची उघड्यावर चौकीदार टिकाराम. फुलचूरकडच्या या राइस मिलमध्ये आचलला कामाला लावलं ते दुर्गेश्वरीनंच. ती स्वतः तृतीयपंथी, आचलही. आपल्या पोरींना टाळी वाजवून मागत फिरावं लागू नये, घाम गाळून खाता यावं, म्हणून ही बाई दारोदार फिरते, मालकांशी कायद्यानं भांडते. आचलला काम मिळालं खरं, पण झडतीला रांग मिळाली माणसांची. काल टिकारामचा हात तिच्या साडीवरून फिरता फिरता थांबला, तो थांबलाच. रांगेतले सगळे फिदीफिदी हसले. रात्री फोनवर आचल एवढंच म्हणाली, "दीदी, उद्यापासून मी नाई जात."

"एक दिवस जा. मी येते ना," असं दुर्गेश्वरी बोलून गेली होती. बोलायला काय जातं! आता फाटकाच्या आत उभं राहिल्यावर तिची नजर टिकारामच्या हातांवरून हटेना. असल्या हातांची तिला चांगली ओळख होती.

आचलची झडती बायांच्या रांगेत घ्या, असं तिनं खुर्ची टाकून बसलेल्या मालकाला, इंद्रकुमार सेठला सांगितलं. "देखो दीदी, मला काही प्रॉब्लेम नाही. बायाच नाही म्हणून राहिल्या ना. पूछ लो."

"आमच्या लायनीत नोको," नंदाबाई तोडून बोलली.

"काऊन नोको, मावशी?"

बाया पदर सावरत जमिनीकडे पाहत राहिल्या. किळस, दुसरं काय! ही मान खाली घालणं दुर्गेश्वरीनं जन्मभर पाहिलं होतं.

"चाल वो आचल, टाइम खोटी नोको करू," टिकाराम हात चोळत पुढे आला. आचल दुर्गेश्वरीच्या पाठीला येऊन चिकटली. तिचा श्वास मानेवर लागत होता.

दुर्गेश्वरीचे तळवे शिवशिवले. एक टाळी ठोकली असती, दोन शाप हासडले असते, तर हाच टिकाराम भिंतीला जाऊन टेकला असता आणि सेठ हात जोडत उठला असता. पण मग आचलचं काम आजच संपलं असतं. शेवटी यांची जात हीच, असं म्हणायला सगळे मोकळे. तिनं मुठी आवळल्या.

"सेठ, आत तर मीबी आली. माझीबी झडती घ्यावी लागन."

"लागेल ना. रूल सबके लिए एक है." सेठच्या मिशीत हसू आलं. "कोणत्या लायनीत?"

दुर्गेश्वरी बायांच्या रांगेकडे निघाली. आता मागून कोणी खांद्याला धरेल, आता पदर ओढेल, असं वाटत होतं. कोणी धरलं नाही. ती जीव मुठीत धरून आडोशामागे शिरली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

नंदाबाईनं अंगाला हात लावलाच नाही. ती आडोशाच्या फटीतून सेठकडे पाहत होती.

"तुले कायचं भेव लागून राहिलं, मावशी?"

नंदाबाईची नजर कोपऱ्यात गेली. आधी आत आलेली एक बाई तिथं घाईघाईनं निऱ्यांत काहीतरी कोंबत होती. चिंधीची पुरचुंडी. तिच्यातून चार दाणे खाली सांडले. कनकी. मशीनखाली झाडून काढलेला तुकडा तांदूळ, मूठभर.

अगं बाई! म्हणजे किळस नव्हतीच ती. या बाया रोज मूठ मूठ कनकी नेत होत्या आणि नंदाबाईचा हात रोज तिच्यावरून सरकून जात होता. रांगेत परकं माणूस आलं की साऱ्यांच्या पोटावर पाय.

"सांगशीन सेठले?" नंदाबाईनं विचारलं.

"नाई."

"आन् ते पोरगी?"

"तेबी नाई सांगत."

नंदाबाईनं सांडलेले दाणे पायानं बाजूला सारले. मग हळूच म्हणाली, "पाठव तिले."

आचल आत गेली. दुर्गेश्वरी बाहेर उभी. टिकाराम पचकन थुंकला. बऱ्याच वेळानं आचल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय सापडलं?" सेठनं विचारलं.

"काई नाई," आतून नंदाबाईचा आवाज आला.

दोघी फाटकापर्यंत पोचल्या.

"रुको!"

आचल जागच्या जागी थिजली. मागे बायांच्या रांगेत बांगडीही वाजेना. सेठनं आचलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उद्या टाइमवर यायचं. लेट चालणार नाही."

रस्त्यावर आल्यावर, मिलची भिंत संपल्यावर, आचलनं निऱ्यांत हात घालून एक पुरचुंडी काढली. कनकीची.

"मी नाई घेतली, दीदी, तुमची शपथ! नंदाबाईनंच खोचली. म्हणे, आतापासून तूबी भ्यायचं, आमच्यासंग."

दुर्गेश्वरीनं चटकन मागे वळून पाहिलं. सेठनं झडती घेतली असती तर? "फेक ते नालीत!" ती ओरडली. "आत्ताच्या आत्ता फेक!"

आचलनं पुढे पाहिलं. आधी सुटलेल्या बाया घोळक्यानं घरी निघाल्या होत्या, प्रत्येकीचा डावा हात कमरेवर. आचलनं पुरचुंडी पुन्हा निऱ्यांत खोचली, वरून पदर घेतला, हात ठेवला आणि त्यांना गाठायला ती झपाझप चालू लागली.